‘सर्व्हर डाऊन आहे’ असं ज्याला कधी म्हणताच येत नाही, तो सर्व्हर

गोंडपिपरी तालुक्यातलं कुठलंही रेशन दुकान डोळ्यासमोर आणा. दारात रांग, हातात पिशव्या, एखादी म्हातारी ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते. मशीन विचार करतं. म्हातारी अंगठा लुगड्याला पुसते, पुन्हा ठेवते. मशीन अजून विचारच करतंय. मग दुकानदार अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालेलं वाक्य म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

बँकेत तेच, तहसीलमध्ये तेच, सेतू केंद्रात तेच. ‘सर्व्हर’ हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यात पोचला तो असा, ‘डाऊन’ला बरोबर घेऊनच.

पण एक गंमत बघा. त्याच रांगेतल्या कुणाला साप चावला आणि शेजारच्याने खिशातून फोन काढून १०८ लावला, तर त्या कॉलच्या वाटेतही सर्व्हरच असतात. एक नाही, अनेक. आणि त्यातल्या एकालाही "उद्या या" म्हणायची सोय नसते.

हे टेलिकॉमचे सर्व्हर म्हणजे आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे चुलतभाऊच. आत तोच प्रोसेसर, तीच मेमरी. तरीही त्यांना वेगळ्या पद्धतीने बनवतात, भाजून बघतात, हलवून बघतात, पेटवूनसुद्धा बघतात. हे सगळं कशासाठी, आणि एवढं करूनही गोंडपिपरीत रेंज का जाते, हे समजून घ्यायचं असेल तर त्या १०८च्या कॉलबरोबर थोडा प्रवास करावा लागेल.

कॉल जातो कुठे?

फोनमधून निघालेला आवाज आधी जवळच्या टॉवरवर जातो. टॉवर म्हणजे आपल्याला फक्त लोखंडी सांगाडा आणि वरचे पांढरे डबे दिसतात. खरं डोकं खाली असतं. पायथ्याशी एक लोखंडी कपाट असतं, त्यात ‘बेसबँड युनिट’ नावाचा कॉम्प्युटर बसलेला असतो. कोणत्या फोनला कधी बोलू द्यायचं, कुणाचा आवाज कुठे पाठवायचा, हा सगळा हिशोब सेकंदाला हजार वेळा तो करतो. तिथून फायबर केबलने किंवा एका टॉवरवरून दुसऱ्याकडे मायक्रोवेव्हने कॉल पुढे सरकतो. जिथे यातलं काहीच पोचत नाही, तिथे तो डिश अँटेनावरून थेट उपग्रहाकडे जातो.

त्यापुढे एक्स्चेंजं, मोठ्या शहरातली यंत्रणा आणि शेवटी ‘कोअर’. हा नंबर कुणाचा, त्याच्याकडे पैसे शिल्लक आहेत का, समोरचा माणूस आत्ता कोणत्या टॉवरखाली आहे, हे सांगणारे सर्व्हर या कोअरमध्ये असतात. महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचा कॉल सेंटर पुण्यात आहे. म्हणजे वैनगंगेच्या काठावरून निघालेली हाक आधी पुण्यात ऐकू येते, मग तिथून फिरून जवळच्या ॲम्ब्युलन्सपर्यंत येते.

एवढ्या लांबच्या वाटेवर एक कडी तुटली तरी कॉल तुटला.

पाच नऊंचा हिशोब

टेलिकॉमवाल्यांची एक जुनी मोजपट्टी आहे, ‘फाइव्ह नाइन्स’. म्हणजे यंत्र वर्षातला ९९.९९९ टक्के वेळ चालू पाहिजे.

ऐकायला ९९ टक्केही भारी वाटतं. दहावीत ९९ टक्के मिळाले तर गावात फ्लेक्स लागतो. पण यंत्र ९९ टक्के वेळ चालू असणं म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त बंद असणं. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. आणि पाच नऊ म्हणजे अख्ख्या वर्षात मिळून फक्त सव्वापाच मिनिटं. त्यातच दुरुस्ती, त्यातच अपडेट, त्यातच काय घोटाळा व्हायचा तो.

हा हट्ट आजचा नाही. अमेरिकेत १९६५ साली न्यू जर्सीतल्या सक्कासन्ना या गावात बेल कंपनीने पहिलं मोठं कॉम्प्युटरवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. ते बनवताना इंजिनिअरांनी ठेवलेलं उद्दिष्ट होतं, चाळीस वर्षांत मिळून बंद राहण्याचा वेळ दोन तासांच्या आत. तो काळ असा, की बाकीचे कॉम्प्युटर दिवसाआड बिघडायचे. मग उपाय काय काढला? सगळं डबल. दोन प्रोसेसर, दोघेही एकाच वेळी तेच काम करणार, एकमेकांची उत्तरं ताडून बघणार. एकाने चूक केली की त्याला बाजूला काढून दुसरा गाडा ओढणार. गाडीला दोन बैल जुंपतात तसं नाही. एकाच बैलाची गाडी, पण शेजारून दुसरा बैल पावलाला पाऊल लावून चालतोय, असं.

आजच्या टेलिकॉम सर्व्हरची मूळ कल्पना तीच आहे. वीज आत घेणारे पॉवर सप्लाय दोन, दोन वेगळ्या लाईनवर. पंखे गरजेपेक्षा जास्त. डेटा दोन डिस्कवर सारखाच लिहिलेला. आणि यातलं काहीही बिघडलं तर सर्व्हर बंद न करता, चालू असतानाच ओढून बाहेर काढायचं आणि नवं सरकवायचं. धावत्या बैलगाडीचं चाक बदलण्याचा प्रकार आहे हा, पण रोज चालतो.

मेमरीचीसुद्धा पहारेदारी असते. कॉम्प्युटरच्या मेमरीत शून्य आणि एक असतात. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे एखाद्या शून्याचा आपोआप एक होऊ शकतो. खोटं वाटेल, पण २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या मतमोजणीत एका उमेदवाराला चक्क ४,०९६ मतं जास्तीची मिळाली होती. ४,०९६ हा आकडा कॉम्प्युटरच्या भाषेत २ चा बारावा घात आहे, म्हणजे एकच बिट उलटला तर नेमका तेवढा फरक पडतो. दुसरं कुठलंच कारण सापडलं नाही, त्यामुळे संशय अशाच कणावर गेला. टेलिकॉम सर्व्हरमध्ये मेमरीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर तपासणीचे जादा बिट ठेवलेले असतात, त्यामुळे एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो.

भाजा, हलवा, पेटवा

आता मजबुतीचा भाग.

२७ फेब्रुवारी १९७५ ला न्यूयॉर्कमधल्या एका टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबलला आग लागली. सुमारे १ लाख ७० हजार फोन बंद पडले आणि ते पूर्ववत करायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. आगीपेक्षा धुराने जास्त वाटोळं केलं. केबलवरचं प्लॅस्टिक जळलं की त्यातून आम्लाचा धूर निघतो आणि तो जिथे बसेल तिथला धातू खातो. जिथे ज्वाळा पोचल्याच नाहीत, तिथलीही यंत्रं त्याने खराब होतात.

बेल कंपनीने त्याच दशकात आपल्या एक्स्चेंजमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही याची एक नियमावली बांधली. तिचं नाव ‘नेब्स’. आजही अमेरिकेत टेलिकॉमचा सर्व्हर विकायचा तर ही परीक्षा द्यावी लागते. यंत्राच्या आत मुद्दाम ज्योत लावतात आणि आग पसरते का बघतात. मोठ्या भूकंपासारखं टेबलावर गदागदा हलवतात. विजेचा झटका देतात. धूळ आणि गंधकाचे वायू सोडतात. तापमानाची अट अशी, की रोजच्या कामात ५ ते ४० अंश आणि एसी बंद पडला तर सलग चार दिवसांपर्यंत ५० अंशांतही काम चालू राहिलं पाहिजे. युरोपचे असेच वेगळे नियम आहेत. भारतात टीईसी, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र, मानकं ठरवतं आणि २०१७ च्या नियमांनंतर टेलिकॉम यंत्रांची सक्तीची चाचणी टप्प्याटप्प्याने लागू झाली.

हे आकडे चंद्रपूरकरांना वाचून दाखवले तर ते हसतील. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो तेव्हा चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जाणं ही बातमीसुद्धा उरलेली नाही. आणि ते झालं सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या लोखंडी कपाटाच्या आत, जिथे यंत्र स्वतःही उष्णता सोडतंय, तिथे काय होत असेल? म्हणूनच टॉवरखालच्या यंत्रांना खोलीतल्या सर्व्हरपेक्षाही कडक अटी असतात.

उष्णतेचा हिशोब निर्दय आहे. इलेक्ट्रॉनिक्समधला एक जुना ठोकताळा सांगतो, की काही नाजूक भागांचं, विशेषतः कपॅसिटरचं, आयुष्य दर १० अंश वाढीला निम्मं होतं. पुण्यात दहा वर्षं चालणारा भाग विदर्भात पाच वर्षांत मान टाकू शकतो, आणि कारखान्याचा दोष नसतानाही.

वर धूळ. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. ती बारीक पूड पंख्याने ओढली जाते, जाळीवर बसते, हवा अडते, यंत्र तापतं, पंखा जोरात फिरतो, आणखी धूळ ओढतो. सर्व्हरमधले जे भाग हलतात ते आधी मरतात, आणि पंखा हा त्यातला पहिला बळी. त्यामुळे ऊन-धुळीत ठेवायचं यंत्र शक्यतो पंख्याशिवाय बनवतात. त्याचं अख्खं शरीरच ॲल्युमिनियमच्या पात्यांचं असतं आणि उष्णता त्या पात्यांवरून वाऱ्यावर जाते. टॉवरवरचे डबे मागून कंगव्यासारखे दिसतात ते यामुळेच.

एसी नको असलेलं एक्स्चेंज

हे शहाणपण भारतात बाहेरून आलं असं समजायचं कारण नाही. उलट इथली गोष्ट जास्त भारी आहे.

ऐंशीच्या दशकात परदेशी डिजिटल एक्स्चेंज आणायचं म्हणजे त्याच्यासाठी एसी खोली, धूळमुक्त इमारत आणि भरवशाची वीज लागायची. खेड्यात यातलं काय होतं? १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय बनावटीचं डिजिटल एक्स्चेंज देऊ, असा वायदा होता. तिथे जमलेल्या चमूत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले इंजिनिअर होते, त्यात एम. व्ही. पिटके हे मराठी नाव पहिल्या फळीतलं. या मंडळींनी मुंबईत आधी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलेलं होतं. रणांगणावर एसी नसतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यातून आलं ‘रॅक्स’, ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज. कपाटाएवढं, १२८ पोर्टचं. एसी नको, गावातली साधी खोली चालेल, हवा आपोआप खेळेल अशी रचना. पहिलं रॅक्स १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. पुढे देशभर हजारो गावांत अशी एक्स्चेंजं लागली. गावात ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ची पिवळी पाटी आली, तिच्या मागे अनेक ठिकाणी हेच कपाट होतं. ज्यांना गावच्या एक्स्चेंजमधली ती खोली आठवत असेल, त्यांना तिच्यातला बॅटऱ्यांचा वासही आठवेल.

उणे ४८ व्होल्ट

त्या बॅटऱ्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मजबुतीचं अर्धं गुपित तिथे आहे.

घरी लाईन गेली की इन्व्हर्टर चालू होतो. क्षणभर पंखा अडखळतो, टीव्ही बंद पडून पुन्हा चालू होतो. तो क्षण टेलिकॉमला परवडत नाही. म्हणून तिथे वेगळीच पद्धत आहे. यंत्रं भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालतच नाहीत. ती चालतात ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर, म्हणजे बॅटरीच्या विजेवर. बाहेरून आलेली वीज ‘पॉवर प्लांट’ नावाच्या कपाटात डीसी होते, बॅटऱ्या भरत राहते आणि त्याच तारेवरून यंत्रंही चालतात. बॅटरी कायम जोडलेलीच. लाईन गेली तर काहीही ‘चालू’ व्हावं लागत नाही, फक्त भरणं थांबतं. यंत्राला पत्ताही लागत नाही.

४८ का? २ व्होल्टचे २४ सेल ओळीने लावले की ४८ होतात, आणि एवढ्या दाबावर माणूस उघड्या हाताने काम करू शकतो. आणि उणे का? तारेच्या काळात केबल ओलसर जमिनीतून जायची. तार जमिनीपेक्षा ऋण ठेवली तर तिचं तांबं गंजत नाही, झीज झालीच तर जमिनीत पुरलेल्या जाड अर्थिंगची होते. ती बदलता येते. तांब्याच्या तारा गेल्या, फायबर आलं, पण उणे ४८ व्होल्ट राहिलं. टेलिकॉमचा सर्व्हर ओळखायची सोपी खूण हीच, त्याच्या पाठीमागे आपल्या ओळखीची तीन पिनांची जागाच नसते. दोन जाड तारा स्क्रूने आवळलेल्या असतात, त्यासुद्धा दोन जोड.

चांगलं यंत्र, आणि एक ओळ

एवढं सगळं करून झाल्यावर १९९० साली काय झालं ते बघा.

१५ जानेवारीच्या दुपारी न्यूयॉर्कमधल्या एटी अँड टी कंपनीच्या एका एक्स्चेंजला बारीकसा बिघाड जाणवला. ठरल्याप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना निरोप दिला की मी जरा बाजूला होतोय, काही सेकंदांत स्वतःला रीसेट केलं आणि परत कामाला लागलं. इथवर सगळं शिस्तीत. पण शेजारच्या एक्स्चेंजला लागोपाठ दोन निरोप आले आणि ते गोंधळलं. मग त्याने स्वतःला रीसेट केलं. ते परत उठलं, त्याचे निरोप त्याच्या शेजाऱ्यांना गेले, तेही गोंधळले. बघता बघता कंपनीची देशभरातली ११४ च्या ११४ एक्स्चेंजं एकमेकांना पाडत सुटली. नऊ तास हा खेळ चालला आणि या काळात त्या नेटवर्कवरचे जवळपास निम्मे लांब पल्ल्याचे कॉल लागलेच नाहीत.

कारण होतं महिनाभर आधी सगळीकडे टाकलेल्या सॉफ्टवेअर अपडेटमधली एक चुकीच्या जागी पडलेली ओळ. प्रत्येक यंत्र डबल होतं, प्रत्येकाला बॅटरी होती, प्रत्येक जण भूकंपात टिकला असता. पण सगळ्यांच्या डोक्यात एकच चूक होती. जोडी लावून उपयोग तेव्हाच, जेव्हा दोघे एकाच कारणाने पडणार नाहीत.

हा धडा अजूनही पुरता गिरवला गेलेला नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं नेटवर्क असंच एका बदलाच्या वेळी कोसळलं आणि १ कोटी २० लाखांवर ग्राहकांचे फोन-इंटरनेट गेले. दुरुस्त करणारे कर्मचारीही त्याच कंपनीचे फोन वापरत होते. त्यामुळे त्यांना एकमेकांशीच बोलता येईना.

म्हणून महत्त्वाच्या यंत्रणा आता एकाच इमारतीत जोडीने ठेवत नाहीत, गावंच वेगळी निवडतात. महाराष्ट्र पोलिसांच्या ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं नागपुरात. समुद्राकडचा पाऊस आणि विदर्भाचं ऊन एकाच दिवशी सहसा येत नाहीत.

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक बदल झालाय. पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळं, खास बनवलेलं महागडं कपाट असायचं. आता मोठ्या शहरातल्या कोअरमध्ये साधे सर्व्हर ढिगाने ठेवतात आणि एक मेला तर सॉफ्टवेअर त्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे ‘आता मजबूत सर्व्हरची गरजच काय’ असं बरेच जण म्हणतात. मुंबई-पुण्यासाठी हे बरोबर आहे. पण गोंडपिपरीच्या टोकाच्या टॉवरखाली ढीग नसतो. एकच डबा असतो, आणि तो बिघडला तर माणूस बाइकवर बसून यायला अर्धा दिवस, पुराचे दिवस असतील तर त्याहून जास्त. ज्या जागी बदली यंत्रही नाही आणि मेकॅनिकही नाही, तिथेच यंत्र सगळ्यात दणकट लागतं. आणि कंपनीच्या हिशोबात नेमकी तीच जागा सगळ्यात कमी कमाईची असते.

मग जंगलात टॉवर लावतं कोण?

उत्तर सरळ आहे, सरकार. गोंडपिपरीचा तालुका एका बाजूने वर्धा आणि दुसऱ्या बाजूने वैनगंगा यांनी बांधलेला. वैनगंगा ओलांडून आष्टीला गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो आणि पुढचा रस्ता आलापल्लीच्या जंगलात शिरतो. त्या पट्ट्यात नफ्याच्या गणिताने टॉवर उभे राहिले नसते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने दहा राज्यांतल्या नक्षलग्रस्त भागांसाठी खास टॉवरची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिलं. त्यातल्या बऱ्याच टॉवरच्या जागा पोलीस ठाणी आणि सुरक्षा दलांच्या कॅम्पजवळच्या होत्या, कारण माओवाद्यांनी टॉवर जाळायच्या घटना गडचिरोलीसकट अनेक जिल्ह्यांत घडलेल्या होत्या. कुठल्याच प्रयोगशाळेच्या चाचणीत ही अट नसते.

या टॉवरसाठी भारतीय कंपन्यांनी कमी विजेवर चालणारी, सौर पॅनेलवर भागणारी यंत्रं दिली. इथे मजबुतीचा अर्थच बदलतो. यंत्र जितकी कमी वीज खाईल तितकी तीच बॅटरी जास्त तास पुरते. साधा हिशोब करा. बॅटरीत समजा १० युनिट वीज आहे. एक किलोवॅट खाणारं यंत्र त्यावर १० तास चालेल, २०० वॅट खाणारं ५० तास. श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही, तर कोण टिकेल हे सांगायला नको.

पण ते टॉवर होते २जी. बोलता यायचं, व्हिडिओ नाही. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ टॉवरना ४जी करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, खर्च सुमारे १,८८४ कोटी. त्याच वर्षी जुलैमध्ये नेटवर्कच न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची आणखी एक योजना मंजूर झाली. या सगळ्यासाठी स्वदेशी ४जी यंत्रणा तयार केली गेली. कोअर सी-डॉटचा, म्हणजे कित्तूरच्या रॅक्सवाल्या त्याच संस्थेचा. टॉवरवरची यंत्रं तेजस नेटवर्क्सची, सगळ्याची मोट बांधायचं काम टीसीएसचं. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून तिचं औपचारिक उद्घाटन झालं.

तरी रेंज जाते, ती का?

कारण साखळी. समजा कॉलच्या वाटेत पाच कड्या आहेत आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू आहे. पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता उरते ९९.५ टक्के. म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास बंद. एक कडी सोन्याची करून उपयोग नाही. पुण्यातल्या सर्व्हरने पाच नऊ गाठले तरी टॉवरच्या बॅटरीने तीन गाठले, तर तुमच्या वाट्याला तीनच.

आणि कडी तुटते ती बहुतेक वेळा सर्व्हरची नसतेच. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी फायबरवरून जातो. हे इतकं होतं की खोदायच्या आधी खाली काय पुरलंय ते विचारण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲपच काढलं. फायबर गोल फिरवून आणलेलं असेल, तर एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने वाट मिळते. पण जंगलातल्या शेवटच्या गावाकडे फायबर एकाच रस्त्याने जातं आणि तिथेच संपतं. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे दरवर्षीचं आहे. तेव्हा डिझेल पोचत नाही, मेकॅनिक पोचत नाही आणि टॉवर बॅटरीत असेल तेवढाच वेळ जगतो. त्यात बॅटऱ्यांनाही उष्णतेचा तोच शाप, त्यामुळे कागदावरचे आठ तास तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तीन होतात. आणि देशभरात टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जातात ते वेगळंच.

उपग्रहाची वाट रस्त्यावर अवलंबून नसते, पण तिची वेगळी किंमत आहे. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. दोघेही एकदमच "हॅलो, हॅलो" करतात आणि दोघेही थांबतात, तो गोंधळ तिथून येतो.

ग्राहकाच्या हातात काय? ट्रायने २०२४ मध्ये नवे नियम आणले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त काळ ठप्प राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यावी लागते. नियम चांगला आहे, पण त्यात दोन फटी आहेत. एक, मोजमाप जिल्ह्याच्या पातळीवर आहे. चंद्रपूर शहरात रेंज आहे आणि एका गावाचा टॉवर आठवडाभर बंद आहे, तर तो आठवडा या हिशोबात बसत नाही. दुसरी, नैसर्गिक आपत्ती यातून वगळलेली आहे. म्हणजे पुराचे दिवस, ज्या दिवशी फोन सगळ्यात जास्त लागतो, तेच बाहेर.

तोवर फोनच्या स्क्रीनकडे बघून कोणती कडी तुटली असावी याचा अंदाज बांधता येतो. सिग्नलच्या काड्या पूर्ण आहेत पण काहीच लोड होत नाही, तर टॉवर जिवंत आहे आणि मागची केबल तुटलीय. काड्या म्हणजे फक्त तुमच्या आणि टॉवरच्या मधल्या सिग्नलची ताकद, त्यापुढचं त्या काही सांगत नाहीत. फोन आणि नेट चालतंय पण फक्त रेशनचं मशीन अडलंय, तर अडचण मशीनच्या सिममध्ये, पुरवठा खात्याच्या सर्व्हरवर नाहीतर आधारच्या तपासणीत आहे, टॉवरला शिव्या देऊन उपयोग नाही. काड्या गायब आणि लाईनही कधीपासून गेलेली, तर टॉवरची बॅटरी संपलीय.

आणि स्क्रीनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसत असेल तर फोन खिशात टाकू नका. त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर मेलाय, पण दुसऱ्या कुणाचा तरी जिवंत आहे. अशा वेळी १०८ च्या ऐवजी ११२ लावायचा. तो कॉल ज्याचं नेटवर्क मिळेल त्याच्यावरून जातो.